मदत हवी आहे: टर्बो डिझेल घाटात ओढत नाही, गॅरेजवाला म्हणतो टर्बो गेला

कोयनाकाठ
गाडी कुंभार्ली घाटात ओढेनाशी झाली आहे. सपाटीला ठीक. पोफळी सोडल्यावर पाच-सहा किलोमीटर व्यवस्थित चढते, मग एकाएकी दम जातो. तिसऱ्यावर चढणारी गाडी दुसऱ्यावरही रडत चढते, मागून ट्रकवाले हॉर्न मारतात. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, कान लावला, म्हणाला टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) गेला, ४२ हजार. खरंच टर्बो असेल का? शनिवारी कराडला जायचंय, कृपया लवकर सांगा.

डिझेलभट
कुठली गाडी? साल? किती चालली? धूर कसला? चेक लाइट लागतो का? यातलं काहीच न लिहिता टर्बो गेला का विचारता, इथे काय पत्रिका बघून सांगायचं?

कोयनाकाठ
गाडीचं नाव मुद्दाम लिहिलं नाही. मागच्या वेळी अख्खा धागा कंपनी चांगली की वाईट यात गेला. २००९ चं मॉडेल, २.२ लिटर कॉमन रेल, १ लाख ८६ हजार किमी. धूर थोडा काळा. लाइट लागतो, पण तो अधूनमधून लागतोच.

मोकळा_श्वास
ईजीआर, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, ब्लँक करा, बंदच करून टाका. एक पत्र्याचा तुकडा, दोन बोल्ट. माझी गाडी चार वर्षं अशीच पळते आहे. बाकी सगळं नंतर बघा.

डिझेलभट
झालं, आले पत्रा घेऊन! यांना ताप, खोकला, गुडघेदुखी, सगळ्यावर ईजीआर. अहो, व्हॉल्व्ह उघडा अडकला असेल तर काढून साफ करा. बंद करून टाकणं हा प्रदूषणाच्या नियमांशी खेळ आहे, आणि काही गाड्यांत त्यानेच चेक लाइट लागतो.

मोकळा_श्वास
पीयूसी दर वेळी पास होते.

डिझेलभट
पीयूसी कशी पास होते ते नका सांगू.

स्वरदा_रत्नागिरी
आमच्या बाबांच्या गाडीला हेच झालं होतं. डिझेल फिल्टर. खालचा स्क्रू सैल केला तर अर्धी वाटी पाणी निघालं. आधी फिल्टर बदला, चार-पाचशेचं काम आहे.

कोयनाकाठ
फिल्टर गेल्या महिन्यात बदलला. एअर फिल्टरही.

स्वरदा_रत्नागिरी
मग आधी लिहायचं ना!

तात्या_चार्जिंगवाले
१५ वर्षं उलटलेल्या गाडीवर ४२ हजार? तिकडे दिल्लीत तर १० वर्षांवरच्या डिझेलवर बंदी घातली होती. इलेक्ट्रिक घ्या, पहिल्या सेकंदापासून टॉर्क.

कोयनाकाठ
तात्या, पैसे तुम्ही देताय का?

निवृत्त_फिटर
३१ वर्षं पाना हातात होता म्हणून विचारतो. १) दम गेल्यावर गाडी कडेला घेऊन बंद केली, पुन्हा चालू केली, तर ताकद परत येते का? २) ब्रेक पूर्वीपेक्षा कडक लागतो का? ३) इंजिनचं ऑइल कमी होतं का?

कोयनाकाठ
१) हो, येते, एक-दीड किलोमीटर टिकते. २) ब्रेक जरा कडक वाटतो, पण मी ब्रेकचं कुठे विचारलंय? ३) ऑइल जसंच्या तसं.

निवृत्त_फिटर
विचारलं नाहीत म्हणूनच विचारलं. डिझेल कमी पोचत असतं तर काळा धूर आला नसता. काळा धूर म्हणजे डिझेल येतंय, हवा कमी पडतेय. टर्बोचं सील गेलं असतं तर निळा धूर आणि ऑइलचा खप दिसला असता. बंद-चालू केल्यावर ताकद येते, म्हणजे संगणकाने इंजिन वाचवायला स्वतःच हात आखडता घेतला होता. लिम्प मोड म्हणतात तो हाच.
तुमच्या टर्बोतली पाती व्हॅक्यूमवर, म्हणजे पंपाने हवा ओढून घेतल्यावर, हलत असणार, त्या काळच्या पुष्कळ इंजिनांत तसंच आहे. तो व्हॅक्यूम ज्या पंपातून येतो, त्याच पंपावर ब्रेक हलका करणारा बूस्टर. दोन्हीकडे कुरकुर आहे, म्हणून व्हॅक्यूम कुठेतरी गळतोय असा माझा संशय.
उद्या सकाळी इंजिन गार असताना एकाला चावी फिरवायला बसवा आणि टर्बोच्या बाजूच्या डब्याचा, पाती हलवणारा बारीक रॉड बघा. चालू केल्यावर झटकन ओढला गेला पाहिजे, बंद केल्यावर परत आला पाहिजे. मग गाडी तापवून पुन्हा बघा. तापल्यावर ढिला पडला तर त्या डब्यापासून पंपापर्यंत रबराचा पाइप बोटांनी चाचपत जा. हात भाजून घेऊ नका. आणि स्कॅनर लावून कोड वाचा. पी ०२९९ आला तर बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, कमी पडतोय एवढंच तो सांगतो. टर्बो बदला असं तो म्हणत नाही.

डिझेलभट
फिटरकाकांना अनुमोदन. सोबत टर्बोची हवा गार करणाऱ्या इंटरकूलरचे जाड होसही बघा. जोडापाशी तेलकट, धुळीने काळा झालेला डाग दिसला तर हवा तिथून जाते.

मोकळा_श्वास
इतकं करण्यापेक्षा पत्रा.

लाल_माती
बॉनेटमध्ये उंदीर आहेत का बघा. आमच्याकडे पावसाळ्यात घुशीने वायरिंगच खाल्लं. आता तंबाखूची पुडी बांधतो.

स्वरदा_रत्नागिरी
तंबाखूने काही होत नाही, आमच्याकडे पुडीच कुरतडली होती. डांबर गोळ्या ठेवा.

लाल_माती
त्याचा वास आत येतो हो, एसी लावला की बायको ओरडते.

कोयनाकाठ
उंदीर नाहीत. म्हणजे पूर्वी होते. जूनमध्ये एक पाइप कुरतडला होता, मेकॅनिकने दुसरा बसवून दिला. त्यानंतरच हे सुरू झालं, आता लक्षात येतंय.

निवृत्त_फिटर
देवा! हे वाक्य धाग्याच्या पहिल्या ओळीत हवं होतं.

कोयनाकाठ (शनिवार)
रॉड गार असताना टुणकन ओढला गेला. वीस मिनिटं गाडी पळवून आलो तर अर्ध्यावर लटकलेला. चाचपत गेलो. सॉलेनॉइडकडच्या (डब्याला व्हॅक्यूम सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह) टोकाला तोच नवीन पाइप, मऊ, वितीएवढा, क्लिपच्या खाली उभा चिरलेला. गार असताना चीर दिसतसुद्धा नाही, तापला की उघडते. दुकानदार म्हणाला हा डिझेलच्या रिटर्नला, म्हणजे उरलेलं डिझेल परत जातं तिथे, वापरतात, व्हॅक्यूमचा जाड भिंतीचा असतो. तो बसवला, ६० रुपये. ब्रेकही हलका झाला. कुंभार्ली तिसऱ्यावर चढून कराडात पोचलो, इथूनच लिहितोय.
एक सांगायचं राहिलं. गॅरेजवाल्याला टर्बोसाठी ३ हजार ॲडव्हान्स दिलाय. परत मागू का?

डिझेलभट
अजून काय काय सांगायचं राहिलंय तुमचं?

निवृत्त_फिटर
मागा. टर्बो अजून मागवला नसेल तर द्यायलाच हवेत. आणि जाताना चिरलेला तुकडा खिशात ठेवा, भांडायची गरज पडणार नाही.