ईसीजी नॉर्मल म्हणून निर्धास्त होऊ नका
ईसीजी नॉर्मल आला की हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त पंप करण्याची ताकद कमी पडणं) नाहीच, असं म्हणणं अर्धंच बरोबर आहे. शक्यता कमी होते खरी, पण इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) आधीची खरी चाळणी म्हणजे एनटी-प्रोबीएनपी ही रक्ताची टेस्ट; हृदयावर ताण आला की तिचा आकडा वाढतो. हळूहळू दम लागायला लागलाय, नडगीवर अंगठा दाबला की खळगा राहतो, अशा पेशंटचा आकडा १२५ पिकोग्राम प्रति मिलीच्या आत असेल तर हार्ट फेल्युअर असण्याची शक्यता खूपच कमी.

पण हा आकडा बघताना वजनही लक्षात घ्यायला हवं. लठ्ठ माणसात हा आकडा मुळातच कमी येतो, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल दिसला आणि आडवं पडल्यावर दम लागतोय, उशीवर उशी घ्यावी लागतेय, तर इकोसाठी डॉक्टरांकडे आग्रह धराच. उलट वय जास्त किंवा किडनी कमजोर असली की हा आकडा उगाच वाढलेला दिसतो.