०-१६ : डेट्रॉइट लायन्सचा २००८चा हंगाम तुम्ही कसा पाहिलात?

सरावाचे चारही सामने जिंकलेल्या डेट्रॉइट लायन्स या अमेरिकन फुटबॉल संघाने २००८ मध्ये नियमित हंगामातले सगळे १६ सामने गमावले. एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये १६ सामन्यांच्या हंगामात असे प्रथमच घडले. त्या काळात मिशिगन परिसरात असलेल्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

ट्रॉय (मिशिगन)
१२ ऑक्टोबरचा मिनेसोटाविरुद्धचा सामना मी सहकाऱ्यांसोबत पाहिला. लायन्सचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) डॅन ओर्लोव्स्की बचावपटूला चुकवता चुकवता स्वतःच्याच एंड झोनची (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याची) मागची रेघ ओलांडून गेला आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. याबद्दल प्रतिस्पर्ध्याला दोन गुण (सेफ्टी) मिळाले आणि सामना १२-१० असा, नेमक्या दोन गुणांनीच हातचा गेला. त्याची टिंगल आजही होते, पण मला ती अन्यायाची वाटते, कारण संपूर्ण सामन्यात दहाच गुण करणाऱ्या संघाचा पराभव एका पावलाच्या माथी मारता येत नाही.

नोव्हाय
आमच्या घरी दोघेही वाहन उद्योगात. नोव्हेंबरमध्ये मोटार कंपन्यांचे प्रमुख वॉशिंग्टनला सरकारी कर्ज मागायला गेले होते आणि कार्यालयात नोकरकपातीखेरीज दुसरा विषय नव्हता. थँक्सगिव्हिंगला (नोव्हेंबरअखेरच्या अमेरिकी सणाला) शेजाऱ्यांकडे जेवायला गेलो, तेव्हा टेनेसीच्या संघाने लायन्सचा ४७-१० असा धुव्वा उडवला. यजमानांनी टीव्ही बंद केला नाही. त्या दिवशी लायन्सचा सामना पाहणे हा तिथला कुळाचारच. पुढे तिकिटे न खपल्याने घरच्या मैदानावरचे काही सामने तेव्हाच्या नियमानुसार स्थानिक वाहिनीवर दाखवलेच गेले नाहीत. (खरे सांगायचे तर, बरेच झाले.)

फार्मिंग्टन हिल्स
या दुर्दशेचे मूळ त्या एका वर्षात शोधू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. संघाचे प्रमुख मॅट मिलन यांच्या कारभारात २००३, २००४ आणि २००५ अशी सलग तीन वर्षे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या (ड्राफ्टच्या) पहिल्या फेरीत रिसीव्हर, म्हणजे चेंडू झेलणारे खेळाडू, निवडले गेले. चेंडू फेकणाऱ्याचे रक्षण करणारी फळी आणि बचाव मात्र कच्चेच राहिले. २००८च्या सप्टेंबरमध्ये त्यांना काढले, तेव्हा आमच्या ओळखीच्यांत आनंद झाला, परंतु संघ तोच होता. बचावाने त्या हंगामात ५१७ गुण दिले.

विंडसर (कॅनडा), नदीपलीकडून
शेवटचा सामना ग्रीन बेला ३१-२१ असा गेला. मी तरीही दर रविवारी पाहत होतो, तो केवळ लायन्सच्या रिसीव्हर कॅल्व्हिन जॉन्सनसाठी : असल्या संघात राहून त्याने त्या वर्षी १२ टचडाउन (सहा गुण मिळवून देणारे) झेल घेतले.