घटस्फोटाचा अल्बम: दुसऱ्याची बाजू कोण गाणार?

बेसूर_बाबुराव (धागाकर्ता)

मागच्या रविवारी भाचीने गाडीत केल्सी बॅलरिनीची 'रोलिंग अप द वेलकम मॅट' लावली. आपल्याकडे कंट्री, म्हणजे अमेरिकेतलं गावाकडच्या वळणाचं संगीत, फार कुणी ऐकत नाही, म्हणून आधी थोडी माहिती. केल्सी अमेरिकेच्या टेनेसी राज्यातल्या नॉक्सव्हिलची, स्वतःची गाणी स्वतः लिहिते. डिसेंबर 2017 मध्ये ऑस्ट्रेलियन गायक मॉर्गन इव्हान्सशी लग्न, ऑगस्ट 2022 मध्ये घटस्फोटाचा अर्ज, नोव्हेंबरात निकाल. आणि 14 फेब्रुवारी 2023 ला, म्हणजे ऐन व्हॅलेंटाइन डेला, ही सहा गाण्यांची ईपी, म्हणजे छोटा अल्बम. सोबत छोटी फिल्म, तिच्याही दिग्दर्शनात केल्सीचा हात. दारातलं 'वेलकम' लिहिलेलं पायपुसणं गुंडाळून ठेवायचं, असं नाव. नाव झकास आहे, मान्य.

गाणीही वाईट नाहीत. पण ऐकताना सारखं वाटत होतं की आपण कुणाच्या घरी नको त्या वेळी टपकलोय. नवरा कोण, हे सगळ्या जगाला ठाऊक. मग हे गाणं कसलं? ही जबानी झाली, आणि तीही उलटतपासणी नसलेली. त्यावर कडी म्हणजे सहा महिन्यांनी, ऑगस्टात, तीच ईपी वाढवून पुन्हा काढली. त्यात 'पेंटहाऊस' या गाण्याची 'बरी झालेली' आवृत्ती, शब्द बदलून. अहो, सहा महिन्यांत शब्द बदलणार होते तर सहा महिने कळ काढायची होती!

माझी आजी कोरेगावकडची. जात्यावर ओव्या म्हणायची. आजोबांनी तिला कमी छळलं नाही, पण ओवीत त्यांचं नाव मी कधी ऐकलं नाही. दुःख सगळं यायचं, माणूस झाकलेला राहायचा. मला ते मोठं वाटतं.

नॉक्सव्हिलकर

बाबुराव, एकोणीस वर्षं तिच्या गावात राहतोय, म्हणून थोडं गावकीचं बोलतो. तुम्ही एक गोष्ट गाळलीत. पहिलं गाणं त्याचं आलं होतं. घटस्फोटाचा निकाल लागायच्या आधीच मॉर्गनने 'ओव्हर फॉर यू' काढलं. तुझ्या लेखी हे सगळं कधीचं संपलं होतं, मला कसं कळलं नाही, असा त्याचा सूर. ते ऐकून अर्ध्या लोकांनी तिला खलनायिका ठरवून टाकलं. केल्सीच्या ईपीतलं 'ब्लाइंडसाइडेड' हे त्याचंच उत्तर आहे. तेव्हा उलटतपासणी नाही कशी? उलट दोघांनी एकमेकांची घेतली.

दुसरं, तिच्या आईवडिलांचा घटस्फोट झाला तेव्हा ती बारा वर्षांची होती, आणि गाणी लिहायला लागली ती तेव्हापासून. तिने नवीन दुकान उघडलेलं नाही, जुन्याच दुकानात नवा माल आलाय.

जुनी_रेकॉर्ड

दोन्ही बाजू हव्या असतील तर पन्नास वर्षं मागे जा. कंट्री गायक विली नेल्सन, 'फेजेस अँड स्टेजेस', 1974. अलाबामातल्या मसल शोल्समध्ये रेकॉर्ड केलेली. एक लग्न मोडतं. तबकडीची पहिली बाजू बायकोची, दुसरी नवऱ्याची. तबकडीला दोन बाजू असतात याचा इतका नेमका उपयोग मी दुसरीकडे पाहिला नाही. बायकोची बाजू सुरू होते ती भांडी घासताना. दुसऱ्यांची उष्टी काढून ती कंटाळली आहे, आणि एक दिवस ती निघून येते. बहीण परत येतेय म्हणून घरात हालचाल सुरू होते, माहेरच्यांना धड आनंद नाही की धड दुःख नाही. मग रेकॉर्ड उलटायची, तर तो विमानात बसलाय आणि सकाळी सकाळी ग्लास हातात.

विलीची स्वतःची दोन लग्नं तोवर मोडली होती. तरी त्याने सुरुवात बाईपासून केली. याला म्हणतात मन मोठं असणं. आताच्या पोरांना आरशापलीकडे काही दिसत नाही.

मीरा_ऐकते

जुनी_रेकॉर्ड, अल्बम माझाही आवडता आहे. पण नीट बघा: बाईची बाजू लिहिली कोणी? विलीनेच. दोन्ही बाजू एकाच माणसाच्या हातच्या. नवऱ्याने बायकोचं म्हणणंही स्वतःच मांडलं तर आपण त्याला उमदा म्हणतो, आणि बायकोने फक्त स्वतःचं मांडलं तर एकतर्फी. वा!

आता बाबुरावांच्या आजी. हे लिहिताना आवाज चढू नये असा प्रयत्न करतेय. तुमच्या आजीला आजोबांचं नाव घ्यायची सोय होती का? माझ्या आजीला नवऱ्याचं नाव साध्या बोलण्यातसुद्धा घेता यायचं नाही, उखाण्यातच काय ते. जातं हे एकच ऐकणारं होतं जे उलट घरात जाऊन सांगणार नव्हतं. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या चाळून बघा. बायकांनी सोसलेलं भरभरून बोललंय. त्यांच्याकडे नाव न घेणं होतं ते अडचणीपोटी. तुम्ही त्या अडचणीचं आता शील करून ठेवलंत, आणि ती नसलेल्या बाईला त्यावरून मार्क कमी देताय.

माझा स्वतःचा घटस्फोट होऊन आठ वर्षं झाली. पहिले सहा महिने मी जे बोलत होते ते आज बोलणार नाही. पण ते खोटं नव्हतं. ताप 103 होता तेव्हा 103 च होता ना? आता उतरला म्हणून तेव्हाचा थर्मामीटर चुकला असं होत नाही.

बेसूर_बाबुराव

थर्मामीटर घरात ठेवतात हो. चौकात टांगत नाहीत.

काळा_कोट

व्यवसायाने वकील, कौटुंबिक न्यायालयात बरीच वर्षं घालवली आहेत. 'उलटतपासणी', 'जबानी' हे शब्द वाचून राहवलं नाही.

टेनेसीत मुलं नसतील तर अर्जानंतर किमान 60 दिवस थांबावं लागतं, म्हणून ऑगस्ट ते नोव्हेंबर हे तिकडे सरळ गणित आहे. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्याच्या कलम 13-ब खाली सहा महिने, तेही हल्ली न्यायालय माफ करू शकतं. पण मुद्दा वेगळाच आहे. परस्परसंमतीच्या अर्जात काय असतं? वर्षभर वेगळे राहतो, एकत्र राहणं शक्य नाही, दोघांच्या सह्या. बस. का मोडलं, हे कुठेही लिहिलेलं नसतं. पक्षकार बाहेर आले की जिन्यात उभे राहून मला सांगायला लागतात, आणि मी घड्याळ बघतो, कारण पुढची तारीख पुकारलेली असते. तो जिन्यातला मजकूर कुठे जातो? केल्सीसारख्यांचा गाण्यात जातो. दोन्ही बाजू ऐकून घेणं हे न्यायाधीशाचं काम. बाबुराव, तुम्हाला त्या खुर्चीवर कुणी बसवलं?

हिशेबी

सगळे फार भावुक झालात. व्हॅलेंटाइन डेला घटस्फोटाची ईपी. तारीख काय आपोआप पडली? हृदय मोडलं, की गाणी, की फिल्म, की मुलाखत, की 'बरी झालेली' आवृत्ती. एकाच दुःखाची दोनदा विक्री. नॅशव्हिलमध्ये, म्हणजे कंट्रीच्या बाजारपेठेत, हा धंदा जुना आहे. जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट या गायक जोडप्याचा घटस्फोट 1975 मध्ये झाला, आणि 1976 मध्ये दोघांनी एकत्र 'गोल्डन रिंग' हे गाणं काढलं. लग्नाच्या अंगठीची कहाणी! ते पहिल्या क्रमांकावर गेलं. संसार मोडला तरी दुकान चालू.

मीरा_ऐकते

मग दुःखालाच जास्त भाव आहे, असंच ना? कंट्री गायिका केसी मस्ग्रेव्ह्सचं बघा. 2018 चा 'गोल्डन अवर' हा प्रेमात पडलेल्या बाईचा अल्बम, नुकतंच लग्न झालेलं. त्याला 2019 मध्ये ग्रॅमीचा वर्षातला सर्वोत्तम अल्बम मिळाला, फक्त कंट्रीत नाही, सगळ्यांत. मग घटस्फोट झाला आणि सप्टेंबर 2021 मध्ये 'स्टार-क्रॉस्ड' आला. तो अल्बम ग्रॅमीवाल्यांनी कंट्रीच्या विभागात घेतलासुद्धा नाही. केल्सीच्या ईपीला तिथे नामांकन मिळालं, पण पुरस्कार लेनी विल्सन ही दुसरी गायिका घेऊन गेली. दुःखाचा भाव तुमच्या हिशेबाइतका तेजीत नाही.

हिशेबी

नामांकन मिळालं ना? तेही विकतंच.

नॉक्सव्हिलकर

कंट्री गायक जॉनी कॅशच्या मुलीचं कुणी नाव काढलं नाही म्हणून काढतो. रोझॅन कॅशचा 'इंटिरियर्स', 1990, मोडत चाललेल्या नात्यावरचा. स्वतःच निर्मिती केली. तोपर्यंत तिची गाणी धडाधड चालत होती, पण हे काळोखं प्रकरण नॅशव्हिलमधल्या कंपनीला नको होतं, आणि ती शेवटी न्यूयॉर्कला गेली. गंमत ही की अल्बम आला तेव्हा गायक रॉडनी क्रॉवेलशी तिचं लग्न टिकून होतं. मोडलं 1992 मध्ये, आणि त्याच वर्षी रॉडनीनेही आपला अल्बम काढला, 'लाइफ इज मेसी'.

तेव्हा बाबुराव, तुमची दुसरी बाजू असते, फक्त ती दुसऱ्या रेकॉर्डवर असते. ती विकत घ्यावी लागते एवढंच.

शिवाय घाईचा मुद्दा. रोझॅनने दोन वर्षं आधी गायलं, केल्सीने तीन महिन्यांनी, विलीने काही वर्षांनंतर. तिन्हींत मला विलीचा जास्त आवडतो, पण तो उशिरा केला म्हणून नव्हे, त्या भांड्यांमुळे.

जुनी_रेकॉर्ड

भांड्यांवर एकमत झालं, आनंद आहे. मीराताई, हात विलीचा होता हे मान्य. मी ते तसं कधी पाहिलं नव्हतं. तरीही पहिली बाजूच पुन्हा पुन्हा लावतो.

बेसूर_बाबुराव

काल रात्री आईला फोन केला. म्हटलं, आजी ओवीत आजोबांचं नाव कधीच घ्यायची नाही ना? आई हसली. म्हणाली, घ्यायची की. नावही घ्यायची आणि शिव्याही घालायची. शेजारच्या दोघी दळायला यायच्या तेव्हा. पहाटे चारला. तुम्ही पोरं उठलात की ओवी बदलायची, मग पांडुरंग सुरू.

म्हणजे मी ऐकत होतो ती सगळी बदललेली आवृत्ती.

केल्सीबद्दल माझं मत अजून तेच आहे. ऑगस्टातली ईपी मला नको आहे. पण फेब्रुवारीतली भाचीकडून मागवून घेतली. गाडीत नाही, घरी ऐकेन.