गिरणीतल्या साच्यांचा, म्हणजे कापड विणायच्या मागांचा, आवाज खूप वर्षांनी ऐकला. तुम्हीही सांगा

लालबागची_लेक:
लेकीकडे बॉस्टनला आले आहे. शनिवारी ती मला लोवेलला घेऊन गेली. नॉर्थ स्टेशनहून गाडीने पाऊण तास. नदीकाठी लाल विटांच्या कापड गिरण्या आणि त्यांना पाणी पुरवणारे कालवे. १९७८ पासून हे सगळं राष्ट्रीय उद्यान म्हणून जपलंय. काही इमारतींत लोक राहतात, एका जुन्या गिरणीत चित्रकारांचे स्टुडिओ आहेत.

बूट (Boott) नावाच्या कापड गिरणीच्या संग्रहालयात साचेखात्यात शिरण्याआधी कानात घालायला बोळे देतात. आत साच्यांच्या रांगा, त्यातले मोजकेच चालू. पण तेवढ्यानेही लाकडी जमीन तळव्यांना थरथरत होती. तेलाचा वास नाकात गेला आणि बाबांचा खाकी सदरा आठवला.

बाबा काळाचौकीच्या गिरणीत साच्यावर होते. घरी आले की आम्हाला जेवायला हाताच्या खुणेनेच बोलवायचे. बोललेच तर मोठ्याने. लहानपणी वाटायचं, रागावलेत. मी बोळे काढले आणि दोन मिनिटं तशीच उभी राहिले. बाबा त्या आवाजात आठ तास काढायचे.

तुम्ही अशा जागा पाहिल्यात का? लिहा ना.

रूरकाठ:
आम्ही जर्मनीत डुसेलडॉर्फला असतो. एसेनची झोलफेराइन कोळसा खाण जरूर बघा. १९८६ ला बंद झाली, २००१ मध्ये युनेस्कोच्या यादीत आली. कोळसा धुवायच्या इमारतीत आता रूर म्युझियम, वर जायला लांबच लांब केशरी सरकता जिना. मला मात्र न्हाणीघराने धरून ठेवलं. खाणीतून काळे होऊन वर आलेले लोक जिथे अंग धुवायचे, तिथे आता नृत्याचं केंद्र आहे. कामगारांच्या घामाच्या जागी कलाकार घाम गाळतात, हे मला मनापासून आवडलं. बाळ उठलं, नंतर लिहिते.

गाळा_नंबर_नऊ:
ताई, वाचून गलबलून आलं. माझी आई गाळ्यात बारा जणांची खानावळ चालवायची. सगळे गावाकडचे, पाळ्या वेगळ्या. दिवसपाळीवाला उठला की त्याच्याच वळकटीवर रात्रपाळीवाला आडवा व्हायचा. संग्रहालयात यंत्रं ठेवतात, पण त्या भाकऱ्या कोण मांडणार?

लालबागची_लेक:
@गाळा_नंबर_नऊ अहो, तिथे मांडल्यात! गिरणीत काम करणाऱ्या मुलींच्या खानावळीचं घर दाखवतात, जेवणाच्या टेबलासकट. १८३६ मध्ये खानावळीचे पैसे वाढवले म्हणून त्या मुली संपावर गेल्या होत्या. तुमच्या आईला सांगा.

करीरोड_लोकल:
माझ्या आजोबांच्या गिरणीचा मॉल झालाय. धुराडं तेवढं उभं आहे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, आजोबा परत कधी आत गेले नाहीत. मी गेल्या दिवाळीत मुलाला बूट घ्यायला नेलं आणि धुराड्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, पणजोबा मॉलमध्ये होते? त्याला समजावायला तिथे एखादी पाटी, एखादा धोटा तरी हवा होता. आपल्या गिरणगावात लाखो माणसं राबली. त्यांचं काम दाखवायला एक तरी चालतं साचेखातं ठेवायलाच हवं होतं, असं मला फार वाटतं.

पिट्सबर्गची_सून:
लोवेलला जेवलात कुठे? तिथे कंबोडियन लोकांची मोठी वस्ती आहे, त्यांच्याकडचं नूडल्सचं सूप छान असतं.

लालबागची_लेक:
डबा नेला होता, थालीपीठं 🙂 कालव्याकाठी बसून खाल्ली. पुढच्या वेळी सूप नक्की.

शांता_मावशी:
बाबांच्या कानाला मशीन लावलं का? आमच्या ह्यांना लावलं, आता नातवाशी फोनवर बोलतात. उशीर करू नका.

लालबागची_लेक:
@शांता मावशी, दोनदा आणलं, काढून ठेवतात. आता चौऱ्याऐंशी वय, गावी असतात. काल भावाने त्यांना साच्याचा व्हिडिओ दाखवला. आवाज त्यांना गेलाच नाही, नुसतं बघत होते. मग म्हणाले, "बाकीचे साचे बंद कित्याक? माणसां खंय गेली?"

गाळा_नंबर_नऊ:
🙏 आईला वाचून दाखवलं. तिने लगेच बारापैकी नऊ जणांची नावं सांगितली, कोणाला भाकरी लागायची, कोणाला भात, तेही. उरलेली तीन आठवतेय. मी वहीत लिहून घेतोय.