कितोला चाललोय, कोणी गेलंय का?

बी-२०३ : नमस्कार मंडळी. लेक-जावई आम्हाला ऑगस्टमध्ये गालापागोस बेटांवर नेतायत. त्याआधी इक्वाडोरच्या राजधानीत, कितोला, चार दिवस मुक्काम. मुलांनी यादी पाठवलीये, पण नुसती पळापळ आहे. कोणी जाऊन आलंय का? ह्यांचे गुडघे लक्षात ठेवून सांगा.

डी-३०२ : काकू, विषुववृत्त चुकवू नका! पिवळ्या रेघेवर उभं राहायचं, एक पाय उत्तर गोलार्धात, एक दक्षिणेत. रेघेच्या अलीकडे बेसिनमधलं पाणी एका दिशेने फिरतं, पलीकडे दुसऱ्या. रील बघितलंय मी.

ए-१०१ : रील बघून भूगोल शिकू नये.

सी-५०४ : काकू, मी कामानिमित्त दोन वर्षं कितोत होते. रात्री निवांत लिहिते. तोवर एकच, पहिल्या दिवशी काहीही बघायला जाऊ नका.

सेक्रेटरी : सर्व सभासदांना विनंती, ग्रुपवर सोसायटीपुरतंच लिहावे. उद्या टाकी धुणार, १० ते १ पाणी बंद.

बी-२०३ : अहो, परवा महाबळेश्वरचे चाळीस फोटो कोणी टाकले होते?

सेक्रेटरी : चालू द्या.

सी-५०४ : हं, बसले आता. पहिला दिवस मोकळा ठेवा म्हटलं ते उंचीमुळे. कितो २,८५० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६. दोन जिने चढलं की धाप लागते, डोकं जड होतं. पाणी भरपूर प्या, जेवण हलकं घ्या आणि झोपा. माझी तर तूरडाळ शिजेचना तिथे, पाणी नव्वद-एक्क्याण्णव अंशांनाच उकळतं. शेवटी आईने इथून कुकर आणला तेव्हा वरण खाल्लं.
दुसऱ्या दिवशी जुनं शहर. युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या पहिल्याच यादीत, १९७८ साली आलेलं. त्यात फक्त ला कोम्पान्या हे चर्च बघितलंत तरी पैसे वसूल. जेसुइटांनी, म्हणजे एका कॅथलिक पंथाच्या धर्मगुरूंनी, १६०५ मध्ये सुरू केलं, पुरं व्हायला १६० वर्षं लागली. बाहेरून करड्या दगडाची नक्षी, आत पाऊल टाकलं की डोळे दिपतात. आपण काजूकतलीला चांदीचा वर्ख लावतो ना, तसा यांनी खांब, कमानी, छत सगळ्याला सोन्याचा लावलाय. तिथे बाकावर बसून राहा, गुडघ्यांना काही त्रास नाही.
बासिलिका हे दुसरं मोठं चर्च मात्र काकांनी खालूनच बघावं. वर जायला छतावरून लाकडी फळ्यांचा पूल आणि मग जवळजवळ उभ्या लोखंडी शिड्या आहेत. पण मान वर करून बघा. युरोपातल्या चर्चवर अक्राळविक्राळ तोंडं असतात, त्यांच्या जागी इथे कासवं, इग्वाना, आर्माडिलो असे तिकडचेच प्राणी बाहेर डोकावतात. लोक म्हणतात, हे बांधकाम पुरं झालं की जगबुडी. म्हणून ते कायम थोडं बाकी ठेवलंय.

डी-३०२ : अरे, हे तर बी विंगचं वॉटरप्रूफिंग!

सेक्रेटरी : तो विषय पुढच्या मीटिंगला.

बी-२०३ : आणि ते रेघेचं?

ए-१०१ : वहिनी, मी सांगतो. १७३६ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ तिथे गेले ते पृथ्वी ध्रुवांपाशी चपटी आहे का, हा वाद मिटवायला. विषुववृत्ताजवळ एक अंश रेखांशावर प्रत्यक्ष किती अंतर भरतं ते मोजायचं होतं. त्यांच्या स्मरणार्थ तो ३० मीटरचा मनोरा आहे. पण जीपीएस आल्यावर कळलं, खरं विषुववृत्त त्या पिवळ्या रेघेच्या साधारण २४० मीटर उत्तरेला आहे.

डी-३०२ : म्हणजे सगळे फोटोवाले दोन्ही पायांनी दक्षिणेतच?

ए-१०१ : दोन्ही पायांनी. आणि अंश रेखांशावर नव्हे, रेखावृत्तावर वाचा. घाईत चुकलं.

सी-५०४ : पाण्याचा खेळ शेजारच्या छोट्या संग्रहालयात करतात. मी पाहुणे घेऊन तीनदा गेले. माणूस बेसिन रेघेवर ठेवतो, पाण्यात दोन पानं टाकतो, बूच काढतो, पाणी सरळ खाली. मग बेसिन उचलून चार पावलं पलीकडे. तिसऱ्या वेळी मी पानांकडे न बघता त्याच्या हातांकडे बघितलं. पलीकडे तो बादली एका बाजूने तिरकी ओततो, अलीकडे दुसऱ्या. आणि पाणी स्थिरावायच्या आत बूच काढतो. झाला भोवरा.

ए-१०१ : अगदी. एवढ्याशा बेसिनला पृथ्वीचं फिरणं कळतसुद्धा नाही.

डी-३०२ : सर, माझं रील गेलं पाण्यात.

सी-५०४ : तरी जा काकू, मजा येते. आणि तिथून जवळच पुलुलाहुआ आहे, ज्वालामुखीचं विवर. कठड्यावरून खाली बघायचं, तळाशी चक्क शेतं आणि घरं. मला मनोऱ्यापेक्षा ते आवडलं. सकाळीच पोचा, दुपारी धुकं भरतं.
केबल कार पिचिंचा या ज्वालामुखीच्या अंगावरून जवळजवळ ४,००० मीटरपर्यंत नेते. ती शेवटच्या दिवशी, तब्येत बघून.

बी-२०३ : आम्ही शाकाहारी गं. उपाशी राहू का?

सी-५०४ : छे! लोक्रो दे पापा मागवा. बटाटा आणि चीजचं दाट सूप, वर अवोकाडो. सोबत लाह्या येतात, म्हणजे पॉपकॉर्न, ते सुपात टाकायचे. यापिंगाचो म्हणजे चीज भरलेलं बटाट्याचं पॅटिस, वर शेंगदाण्याची चटणी. फक्त ‘सिन कार्ने’ एवढंच म्हणू नका, मांस नको म्हटलं की बिनधास्त चिकन आणतात. ‘सिन कार्ने, सिन पोयो’ म्हणा. आणि पैसे डॉलरमध्येच, २००० सालापासून तिथलं चलन तेच. पन्नास-शंभरच्या नोटा नेऊ नका, सुट्टे कोणी देत नाही.
अरे हो, सगळ्यात महत्त्वाचं राहिलंच. पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची, लस घेतलीत का? इक्वाडोरहून परतताना आपल्या विमानतळावर तो पिवळा दाखला मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यावी लागते. काका साठीच्या पुढचे, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारा.

बी-२०३ : बाई गं! यादीत हे कुठेच नाही. ह्यांना आत्ताच वाचून दाखवलं. म्हणतायत, शिड्या चढतो, पण सुई नको.