मदत हवी आहे: दुपारच्या सोलरला रिलॅक्सेशन फसतंय

मंडळी, कोल्हापुरात एम.टेक. पॉवर सिस्टिम्स करतोय. प्रोजेक्ट ऑप्टिमल पॉवर फ्लोचा (म्हणजे मर्यादा पाळून नेटवर्कमधली वीज सगळ्यात फायद्याची कशी वाहवायची ते गणिताने काढणं), पायथनमध्ये सीव्हीएक्सपाय ही कॉन्व्हेक्स ऑप्टिमायझेशनची लायब्ररी वापरून. शिरोळकडच्या उसाच्या पट्ट्यासारखा ११ केव्हीचा लांबलचक रेडियल फीडर (एकाच टोकाकडून पुरवठा होणारी, लूप नसलेली वीजवाहिनी) कल्पून घेतलाय, शेवटच्या टोकाला सोलर.

ब्रँच फ्लो मॉडेल (प्रत्येक लाइनमधली वीज आणि करंट यांची समीकरणं) घेतलं आणि प्रत्येक लाइनसाठी 'करंटचा वर्ग गुणिले व्होल्टेजचा वर्ग = पी वर्ग + क्यू वर्ग' (पी म्हणजे अ‍ॅक्टिव्ह, क्यू म्हणजे रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर) यातल्या बरोबरच्या जागी 'मोठे किंवा समान' केलं, म्हणजे अट सैल करून तिला सेकंड ऑर्डर कोन या सोडवायला सोप्या कॉन्व्हेक्स रूपात आणलं; हेच रिलॅक्सेशन. दोन्ही बाजू समान आल्या तरच उत्तर खरं. उद्दिष्ट लाइनमधला वीज-लॉस कमी करणं. बारान आणि वू यांच्या १९८९ च्या ३३ बसच्या (जोडबिंदूंच्या) प्रसिद्ध चाचणी नेटवर्कवर झकास चाललं, दोन्ही बाजू दशांशाच्या आठव्या घरापर्यंत जुळल्या. तेव्हा पार्टीही देऊन झाली!

पण माझ्या फीडरवर दुपारी वीज उलटी वाहते, टोकाचा व्होल्टेज १.०५ पर युनिट (नेमून दिलेल्या व्होल्टेजच्या १.०५ पट) या वरच्या मर्यादेला टेकतो आणि शेवटच्या तीन लाइनमध्ये दोन्ही बाजूंत मोठी तफावत पडते. सॉल्व्हर लबाड आहे: खोटा करंट वाढवून नसलेला लॉस दाखवतो आणि तेवढाच व्होल्टेज खाली आणतो. मर्यादा १.१० केली की तफावत गायब, पण ती पळवाट झाली.

सोलरची निर्मिती किती कमी करायची हे व्हेरिएबल करून पाहणार आहे. इन्व्हर्टरचा (सोलरची डीसी वीज एसी करणारं यंत्र) रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर मोकळा सोडला तर फरक पडेल का? की हे उत्तर सुरुवात म्हणून आयपॉप्ट या नॉन-लिनियर सॉल्व्हरला देऊन बरोबरचीच अट असलेला मूळ नॉन-कॉन्व्हेक्स प्रॉब्लेमच सोडवू? कुणी केलं असेल तर सांगा राव, सोमवारी गाइडना दाखवायचंय.