शब्दचर्चा : ‘समन्यायी’, ‘उत्तरदायी’ आणि पाण्याचा जाब

धागाकर्ती (गंगापूर रोड, नाशिक)

आमच्या वसाहतीच्या मंडळात एका आमदारांचे पाण्यावर भाषण झाले. मंडळाच्या पत्रकासाठी त्याचा वृत्तांत मला लिहायचा आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : धरणातून सुटणारे पाणी मोजून द्या, कालव्याच्या शेवटच्या गावापर्यंत ते पोचते का ते आधी बघा, नळाच्या पाण्याचा हिशेब प्रभागातल्या लोकांसमोर मांडा, आणि जलवाहिनी फुटली म्हणून लोकांना आमदाराच्या दारात यावे लागत असेल तर गावचा कारभार बिघडला आहे असे समजा. हे सगळे त्यांनी ‘पाण्याचे समन्यायी वाटप आणि उत्तरदायी स्थानिक शासन’ या शब्दांत बांधले. शेजारचे काका म्हणतात, सरळ ‘समान वाटप आणि जबाबदार प्रशासन’ लिही, लोकांना कळेल तरी. अर्थ तोच राहतो का?

निवृत्त शाखा अभियंता

‘समान’ लिहू नका, अर्थ बदलतो. समान म्हणजे सगळ्यांना सारखे. समन्यायी म्हणजे सगळ्यांना एकच न्याय, मग पदरात पडणारे माप कमीजास्त का असेना.

हा शब्द आमच्या पाटबंधारे खात्यात जन्मलेला नाही. तो चळवळीतून आला. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीला 1993 पासून पाणी परिषदा भरू लागल्या, त्यात स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी होते, सांगोल्याचे आमदार गणपतराव देशमुख होते. त्या व्यासपीठावरून ‘समन्यायी पाणीवाटप’ महाराष्ट्रभर गेले. त्याच्याही आधी, 1972 च्या दुष्काळानंतर, पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने माणशी अर्धा एकर असा हिशेब धरला. जमीन किती हे न बघता घरात माणसे किती हे बघायचे. भूमिहीनालाही पाण्याचा हक्क, आणि उसाला पाणी नाही. तिथे ‘समान’ म्हटले तरी खपले असते, कारण माणशी माप सारखे होते.

2005 मध्ये महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा आला आणि खोऱ्यातली तूट वरच्या-खालच्या धरणांनी वाटून घ्यावी हे तत्त्व त्यात शिरले. इथे शब्दाचा अर्थ जरा सरकला. मेंढेगिरी समितीने 2013 मध्ये गोदावरीचा हिशेब मांडला, 2014 मध्ये प्राधिकरणाचा आदेश निघाला. त्यानुसार 15 ऑक्टोबरला खालच्या जायकवाडी धरणात 65 टक्के साठा नसेल तर वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडायचे. कुठल्या धरणाने किती, हे टंचाईच्या प्रमाणात ठरते. म्हणजे माणूस बाजूला राहिला आणि धरणाधरणांतला न्याय आला. शब्द मात्र तोच.

निफाडकर द्राक्षवाला

साहेबांनी कायदा सांगितला, मी बोली सांगतो. आमच्याकडे ‘समन्यायी’ म्हटले की लोक विचारतात, ‘कधी सोडताय?’ धरणातून पाणी सोडणे आणि एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे, दोन्हीला मराठीत क्रियापद एकच, हा काय योग म्हणायचा!

शेतकऱ्याच्या तोंडी असलेले शब्द वेगळे : आवर्तन (कालव्याला ठरावीक दिवस सुटणारे पाणी), पाळी, चारी (छोटा कालवा), हेड (कालव्याचे तोंड), टेल (कालव्याचे शेवटचे टोक). ‘आवर्तन सुटले’ एवढे ऐकले की माणूस मोटारसायकल काढतो. टेलवाल्याचे भिजले तर वाटप न्यायाचे झाले, त्याला दुसरी कसोटी नाही. तुमचे आमदार टेलबद्दल बोलले असतील तर वृत्तांतात तो शब्द ठेवाच. ‘कालव्याच्या अंतिम भागातील लाभधारक’ करू नका.

सटाण्याची माहेरवाशीण

टेलवरून आठवले. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर आमच्याकडे जुनी फड पद्धत आहे, काही शतकांची. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे. पाणी देणारा पाटकरी गावाने नेमलेला. वरचे शेत कुणाचे, खालचे कुणाचे, याच्याशी त्याला घेणे नाही, क्रमाने द्यायचे. पाऊस कमी झाला की भिजवायचे फड कमी करायचे, आणि बहुतेकांची जमीन वेगवेगळ्या फडांत विखुरलेली असल्याने झळही वाटली जायची.

यात ‘समन्यायी’ शब्द कुणी वापरला नाही. पण पाटकऱ्याला पारावर गाठून ‘माझी पाळी का चुकली?’ विचारता यायचे. माझ्या मते तुमच्या आमदारांचा दुसरा शब्द, उत्तरदायी, इथेच येऊन मिळतो. पाणी आणि कारभार हे त्यांच्या भाषणातले दोन विषय नसावेत.

मराठीचा एक मास्तर

आता ‘जबाबदार’कडे. जबाब अरबीतून आला, -दार फारसीतून. मूळ अर्थ उत्तर बाळगणारा. पण मराठीत या शब्दाला दोन तोंडे फुटली आहेत आणि दोन्हींची विभक्ती एकच आहे. बघा :

‘पाणीटंचाईला महापालिका जबाबदार आहे.’
‘मंत्रिमंडळ विधानसभेला जबाबदार आहे.’

दोन्हीकडे ‘ला’. पहिल्या वाक्यात महापालिकेवर ठपका आहे. दुसऱ्यात ठपका नाही, विचारणा झाली तर उत्तर देण्याचे बंधन आहे. रोजच्या बोलण्यात पहिला अर्थ इतका माजला आहे की ‘जबाबदार प्रशासन’ म्हटल्यावर तिसराच अर्थ निघतो, शहाण्यासारखे वागणारे प्रशासन. ‘जबाबदार मुलगा’ म्हणतो तसे. कुणाला उत्तर द्यायचे, ते कुठेच उरत नाही.

‘उत्तरदायी’ला ही अडचण नाही. ‘टंचाईला उत्तरदायी’ कुणी म्हणत नाही, ‘नागरिकांना उत्तरदायी’ म्हणतात. माणूस लागतोच. शब्द हिंदीच्या वळणाचा आणि कोरडा आहे हे मान्य, पण काम चोख करतो. अस्सल मराठी हवा असेल तर त्याच जबाबाचा आटलेला ‘जाब’ आहे. जाब विचारतात, जाब देतात. जबाबदारी झटकता येते, ढकलता येते. जाब झटकलेला मी तरी ऐकला नाही.

पंचवटीकर

‘स्थानिक शासन’ला माझा आक्षेप. आपल्याकडे ‘शासन’ म्हणजे मंत्रालय, ‘प्रशासन’ म्हणजे साहेबलोक. गावाच्या-शहराच्या कारभाराला मराठीत ‘स्थानिक स्वराज्य संस्था’ असा छान शब्द असताना त्यातले स्वराज्य का गाळायचे? नाशिकमध्ये हा फरक कोशात बघायची गरजच पडू नये. मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली, निवडणूक लांबली, प्रशासक बसले, ते वर्षानुवर्षे राहिले. नळाला पाणी येत होते, विचारायला नगरसेवक नव्हता. प्रशासन होते, स्वराज्य नव्हते.

आणि एक. खेड्यात वर्षाला चार ग्रामसभा कायद्याने घ्याव्या लागतात, त्यात कसूर झाली तर सरपंचपदावर येते. शहरासाठी 2009 मध्ये ‘क्षेत्रसभा’, म्हणजे प्रभागातल्या एकेका भागातल्या मतदारांची सभा, हा शब्द कायद्यात आला. इथल्या किती जणांनी तो ऐकलाय? आमदारांनी प्रभागात हिशेब मांडा म्हटले, त्याचे कायद्यातले नाव हेच.

वाचक (सिडको)

आमदार सभागृहात तारांकित प्रश्न टाकतात, लक्षवेधी लावतात, म्हणजे ते विचारणारे. उत्तर मंत्र्याने द्यायचे. मग आमदाराला कुणी विचारायचे? (खवचटपणे विचारत नाही. बरं, थोडा खवचटपणा आहे.)

निवृत्त शाखा अभियंता

विचारा की. पण हातात आकडा असल्याशिवाय जाब विचारता येत नाही, आणि मोजल्याशिवाय आकडा येत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या वाघाड धरणाच्या प्रकल्पाचे उदाहरण घ्या. ओझरचे शेतकरी टेलला. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी पाणी वापर संस्था काढल्या, कालव्याचे पाणी घनमापन पद्धतीने, म्हणजे घनफळ मोजून, विकत घेऊ लागले. पुढे अख्ख्या प्रकल्पाचे वाटप संस्थांकडे आले. एकरावर पाणीपट्टी होती तेव्हा भांडण ‘मिळाले-नाही मिळाले’ असे असायचे. मोजून घेतल्यावर ‘एवढे ठरले, एवढे आले’ असे झाले. आमदारांच्या ‘मोजून द्या’ला शास्त्रीय शब्द हवा असेल तर ‘घनमापन’ लिहा आणि कंसात ‘मोजून’ टाका.

क्युसेक, दलघफू (दशलक्ष घनफूट), टीएमसी ही मापे पत्रकात नकोत. गंगापूर धरण 5,630 दलघफूंचे सांगितले तर वसाहतीत कुणाला बोध होणार? पुराचे पाणी गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागले म्हटले की सगळ्या नाशिकला कळते. पिण्याच्या पाण्यासाठी तसले माप आपल्याकडे नाही, ही खरी उणीव.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. आता असे लिहिते आहे : ‘पाण्याचे वाटप समन्यायी हवे, म्हणजे ते मोजून व्हावे आणि टंचाईची झळ सर्वांनी ठरल्या प्रमाणात सोसावी, आणि स्थानिक स्वराज्य संस्थांनी या वाटपाचा जाब लोकांना क्षेत्रसभेत द्यावा, असे आमदारांनी सांगितले.’ काकांना वाचून दाखवले. ते म्हणाले, चालेल, फक्त क्षेत्रसभा कधी आहे ती तारीख खाली टाक.

पंचवटीकर

वाक्य उत्तम. पण ‘क्षेत्रसभा’ आमदार स्वतः बोलले नव्हते ना? मग तो शब्द त्यांच्या तोंडी घालू नका. त्यांच्या वाक्यात ‘प्रभागातल्या लोकांसमोर’ ठेवा, क्षेत्रसभा तुमच्या टिपेत येऊ द्या.